निजायच्या खोलीच्या दारातली काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरशाची नाही, खिडकीची नाही. एका पाळणाघरात निजायच्या खोलीला जे लाकडी दार आहे, त्या दाराच्या मधोमध मला बसवलं आहे. आकार म्हणाल तर तुमच्या चित्रकलेच्या वहीएवढा. माझ्या एका अंगाला मुलांची खेळायची खोली आहे आणि दुसऱ्या अंगाला तान्ह्या बाळांच्या कठड्याच्या खाटा. काचेकडे कुणी बघत नाही, काचेतून बघतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, तेच तर माझं काम. पण एकदा ते कामही माझ्याकडून काढून घेतलं गेलं. त्या दिवसांत जे घडलं, त्याची धडकी अजून माझ्या मनात आहे. दुपार झाली, बाळं निजली आणि खोली गप्प झाली, की ती पुन्हा जागी होते. म्हणून म्हटलं, एकदा कुणाला तरी सगळं सांगून टाकावं.

माझा जन्म वाळूतून झाला. कारखान्यात वाळू आणि आणखी काय काय भट्टीत घालून इतकं तापवतात, की त्याचा पाक होतो. त्या पाकातून मी सपाट होऊन बाहेर आले. मग दोन पातळ काचांच्या मध्ये एक चिकट पापुद्रा घालून त्यांची एकच काच केली, ती मी. फुटले तरी माझे तुकडे उडू नयेत म्हणून हा सगळा खटाटोप. पण काचवाल्याच्या दुकानात मी कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून उभी होते. माझ्या एका कोपऱ्यात बारीकसा बुडबुडा राहून गेला होता. गिऱ्हाइकं तो बघायची आणि मला बाजूला सारायची.

मला पसंत केलं ते ताईंनी. हे पाळणाघर त्यांनीच सुरू केलेलं. त्याआधी त्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात परिचारिका होत्या. त्यांनी मला उजेडात धरलं, बोटाने टकटक केलं आणि म्हणाल्या, "बुडबुडा असू दे. आरपार दिसतंय ना, मग झालं."

दाराला भोक पाडायला आलेला सुतार मात्र कुरकुरत होता. "चांगलं भरीव दार आहे हो ताई. कशाला त्याच्या पोटात खिडकी पाडता?"

"दार उघडं ठेवलं तर मोठ्या पोरांच्या दंग्याने बाळं उठतात," ताई म्हणाल्या. "बंद केलं तर आत इतकं शांत होतं, की मला त्या शांततेचीच भीती वाटते. बाळ रडलं तर मी निर्धास्त असते. रडत नाही तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नसतो."

सुतार हसला. "म्हणजे दाराला डोळा हवाय तुम्हाला. देतो लावून. पापणी मात्र लावणार नाही."

अशी मी त्या दारात बसले.

ताईंनी नुसत्या माझ्यावर भिस्त ठेवली नव्हती बरं का. निजायच्या खोलीत त्यांनी एक खुर्ची ठेवली होती आणि बाळं निजलेली असेपर्यंत त्या खुर्चीत एक पोक्त बाई बसायच्या. सगळे त्यांना खुर्चीवाल्या मावशी म्हणत. नावात खुर्ची असली तरी त्या खुर्चीत टिकायच्या नाहीत. जरा बसल्या की उठायच्या, एकेका खाटेपाशी वाकायच्या, बाळाचं पोट वरखाली होतंय ना ते बघायच्या, मानेला बोटांची मागची बाजू लावून फार तापलं नाही ना ते बघायच्या. एखादं बाळ पालथं झालं तर त्याला हलकेच उताणं करायच्या आणि पुटपुटायच्या, "अगं लबाड, आत्ता तर सरळ केलं तुला." बाहेरून ताई येता-जाता माझ्यातून डोकवायच्या. आत एक नजर आणि बाहेर एक नजर, अशी ती राखण चाले. एकदम डोळ्यांत तेल घालून.

खाटा पाहिल्या तर तुम्हाला त्या उघड्याबोडक्या वाटल्या असत्या. घट्ट, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बस्स. उशी नाही, दुलई नाही, कापसाचा हत्ती नाही. थंडी असेल तर बाळाला बिनबाह्यांची, पिशवीसारखी शिवलेली बंडी घालत, म्हणजे पाय आत ऊबदार राहतात आणि तोंड मोकळं राहतं. नव्याने येणाऱ्या माणसांना हे रुचायचं नाही. एकदा एका बाळाचे आजोबा माझ्यातून आत बघून खवळलेच.

"काय हो हे? तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा पांघरूण मिळतं!"

"मिळतं ना आजोबा," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण कैद्याच्या तोंडावर आलं, तर तो ते स्वतःच्या हाताने काढतो. तुमच्या नातवाला येतं का काढता?"

आजोबा माझ्या जवळ येऊन, नाक माझ्यावर टेकवून, बराच वेळ आत बघत राहिले. त्यांच्या श्वासाने मी धुरकट झाले होते.

ती माझी चांगली वर्षं. सकाळी बाळांना सोडून जाणाऱ्या आया माझ्यातून एकदा शेवटचं बघून घ्यायच्या. कुणी डोळे पुसायच्या, कुणी बोट हलवायच्या. त्यात एक आई होती चष्म्यांच्या दुकानात काम करणारी. तिला काच मळलेली दिसली की राहवायचं नाही. माझ्यावर मोठ्या पोरांच्या चिकट बोटांचे ठसे असले, की ती पिशवीतून दुकानातलं मऊ फडकं काढायची, मला पुसून लख्ख करायची, आणि मगच आत बघायची. "डोळा स्वच्छ पाहिजे बाई," ती स्वतःशीच म्हणायची.

तिची मुलगी म्हणजे टकूबाई. खरं नाव काही वेगळं होतं, पण सहा महिन्यांची होत आली तरी तिच्या डोक्यावर केस म्हणून उगवला नव्हता, म्हणून सगळे तिला टकूबाईच म्हणत. गोल चेहरा, लोण्यासारखे गाल आणि हाताला लागेल ते ओढायची खोड. ताईंचा चष्मा ओढायची, मावशींची बांगडी ओढायची, एकदा तर बाळांना तपासायला आलेल्या डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढून तिने त्यांना खाली वाकवलं होतं. तिचे वडील मालमोटार चालवायचे. ते फिरतीवर असले की आई एकटीच सगळं बघायची.

मग दिवस बदलले, मित्रांनो. एकदम नाही. एकदम बदलले असते तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

आधी झालं ते इतकंच, की मुलं वाढली. खेळायच्या खोलीत रांगणारी, धावणारी, एकमेकांना चावणारी पोरं इतकी झाली, की तिथली तरुण मावशी एकटी त्यांना पुरी पडेना. तिला सगळे गोष्टीवाली मावशी म्हणत. स्वभावाने लोण्याहून मऊ, वाघ-सिंहांचे आवाज काढण्यात पटाईत. पण तीन दिशांना पळणारी पोरं दोन हातांनी धरायची तरी कशी?

त्याच सुमाराला पालक कॅमेऱ्याविषयी विचारू लागले. पलीकडच्या रस्त्यावर नवं पाळणाघर निघालं होतं. तिथे म्हणे आईबापांना कामाच्या जागी बसल्या बसल्या फोनवर बाळ दिसायचं. ताईंनी बरेच दिवस टाळाटाळ केली. शेवटी त्यांनीही कॅमेरा बसवला. निजायच्या खोलीच्या छताजवळ तो एका काळ्या बीसारखा चिकटला, आणि खेळायच्या खोलीत फळीवर एक छोटा पडदा आला. त्यात सगळ्या खाटा दिसायच्या.

"आता आत बसून राहायची गरज काय?" असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मला आठवत नाही, आणि ते बरंच आहे. खुर्ची उचलून खेळायच्या खोलीत आणली. खुर्चीवाल्या मावशी बाहेर आल्या. पहिले काही दिवस तरी त्या उठून उठून दार उघडून आत जायच्या. मग त्यांना त्यांच्या मुलीच्या बाळंतपणासाठी गावाला जावं लागलं.

आणि मग माझी पाळी आली. मोठ्या पोरांना माझ्यातून आत बघायचं वेड होतं. ती माझ्यावर टकटक करायची, जीभ लावायची, "बाळा, ऊठ!" म्हणून ओरडायची. बाळं दचकून उठायची. गोष्टीवाल्या मावशीने एके दिवशी रंगीत कागदांची फुलपाखरं कापली, मागे जाड पुठ्ठा लावला आणि खेळायच्या खोलीच्या बाजूने खळ लावून माझ्यावर चिकटवून टाकली.

"ताई, बघा बरं, किती छान दिसतंय!"

ताईंच्या कपाळाला एक आठी पडली. ती मला शेवटची दिसली, कारण त्याच क्षणी मावशीने खालचा कोपरा दाबून बसवला. ताईंचा आवाज तेवढा ऐकू आला. "छान आहे गं. पण आतलं..."

"आतलं दिसतंय की या पडद्यावर! शिवाय पोरं उठवतात हो बाळांना. कालच तीन वेळा उठली टकूबाई."

"बरं, राहू दे," ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझी एक बाजू आंधळी झाली. खेळायच्या खोलीतलं मला फक्त ऐकू यायचं. निजायच्या खोलीतलं सगळं दिसायचं. मला दिसायचं आणि माझ्यातून कुणालाच दिसायचं नाही. मी काय पाहते आहे हे जगात कुणालाही ठाऊक नाही, हा विचार मनात आला की माझ्या अंगावर काटा यायचा. एखादं बाळ खाटेच्या कोपऱ्यात तोंड घालून निजलं, की मी वाट बघायची, कुणी येतंय का. कुणीतरी यायचं. कधी लवकर, कधी उशिरा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, सुटलो. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, उद्या?

त्यातच टकूबाईला दात येऊ लागले. निजवायला गेलं की ती आकांत करायची. एके सकाळी तिच्या आईने पिशवीतून आपली एक जुनी निळी शाल काढली. मी दाराआडून दोघींचं बोलणं ऐकलं.

"मावशी, ही तिच्याजवळ ठेवाल का? घरी हिच्यावर गाल घासते आणि झोपते. माझा वास येतो ना."

"खाटेत काही ठेवायचं नाही हो. ताई रागावतील."

"खाटेत नको, नुसती जवळ. बघा ना किती रडते. मला दुकानात दिवसभर तेच कानात घुमत राहतं."

मावशीचा जीव कळवळला. ती आत आली, टकूबाईला उताणी निजवली आणि ती शाल खाटेच्या कठड्यावर घडी घालून टाकली. "खाटेत नाही गं ठेवलेली," ती टकूबाईला म्हणाली. "नुसता आईचा वास घ्यायचा, काय?" टकूबाई खरंच शांत झाली. मावशी खूश होऊन बाहेर गेली. दोघींनीही वाईट काही मनात आणलं नव्हतं. दोघींनाही त्या बाळाचं रडं बघवत नव्हतं, इतकंच.

पुढचे काही दिवस तसेच गेले. शाल कठड्यावर, टकूबाई खाली. मी त्या शालीवरून नजर काढत नव्हते.

आणि मग तो दिवस आला.

दुपारची वेळ. निजायच्या खोलीत तीन बाळं होती. खिडकी अर्धी उघडी होती आणि तिचा पातळ पडदा वाऱ्याने सारखा फुगत होता, खाली पडत होता, पुन्हा फुगत होता. समोरच्या खोलीत ताई कुणा नव्या आईबापांना पाळणाघराची माहिती देत होत्या. खेळायच्या खोलीत गोष्टीवाली मावशी एकटी होती. तेवढ्यात धपकन आवाज झाला आणि एका पोराने भोकाड पसरलं. तो घसरगुंडीवरून तोंडावर पडला होता आणि त्याचा ओठ फुटला होता. "अरे देवा, रक्त! थांब थांब, कापूस आणते." मावशीची धावपळ मला ऐकू येत होती. रक्त बघून बाकीची पोरंही रडू लागली.

इकडे टकूबाई जागी झाली. रडली नाही. ती आपली हात वर करून बोटं बघत होती. मग तिला ती निळी शाल दिसली. तिने हात लांबवला. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा शालीचं टोक तिच्या मुठीत आलं.

नको गं, नको ओढू, मी मनात म्हणत होते.

तिने ओढलं. शाल कठड्यावरून घसरली आणि घडी उलगडत सबंध तिच्या तोंडावर पडली.

आधी तिला तो खेळच वाटला. तिने पाय झाडले, आतून एक आवाज काढला. मग तिने मान एका बाजूला वळवली, आणि शाल तिच्याबरोबर वळली. तिने हातांनी धडपड केली. पण मुठीत धरलेलं सोडायचं कसं, हे एवढ्याशा बाळाला कुठं कळतं? ती ओढत राहिली आणि शाल आणखी आवळत गेली. तिचे पाय जोरजोरात हलत होते.

मित्रांनो, त्या सुताराने मला पापणी लावली नव्हती. मला डोळे मिटता आले नाहीत.

दाराच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर, मावशी त्या पोराला समजावत होती, "झालं हं, थांबलं रक्त." तिने एकदा फळीवरच्या पडद्याकडे बघितलं असणार, कारण ती म्हणाली, "बघ, ती बाळं कशी शहाण्यासारखी निजलीत."

निजली आहेत? मला काही समजेना. हिला दिसत नाही का? माझ्या डोळ्यांसमोर टकूबाईचे पाय आता सावकाश हलत होते.

मला ते मागाहून कळलं. कॅमेरा अडकला होता. थोड्या वेळापूर्वीचं एक चित्र तसंच पडद्यावर थिजून राहिलं होतं. त्या चित्रात टकूबाई छान उताणी होती, तोंड उघडं होतं, शाल कठड्यावर होती. मावशीने कितीही वेळा बघितलं असतं, तरी तिला तेच दिसलं असतं.

मावशीचा फोन वाजला. हातात कापूस आणि मांडीवर पोर, म्हणून तिने तो तसाच जमिनीवर ठेवून आवाज मोठा केला. टकूबाईची आई बोलत होती. दुकानात जेवायची सुट्टी झाली होती आणि ती आपल्या फोनवर लेकीला बघत होती.

"मावशी, झोपली ना ती?"

"झोपली हो, अगदी गाढ. तुम्ही जेवा निवांत."

"हो, दिसतेय मला. पण... तुम्ही हसाल मला. तो खिडकीचा पडदा वर गेलाय ना, तो खाली का येत नाही?"

"पडदा?"

"हो. मी डबा उघडला तेव्हापासून बघतेय. फुगून वर गेलाय आणि तसाच आहे. असा हवेत कसा राहील हो?"

मावशी हसली नाही. मला वाटतं, ती उठून फळीपाशी गेली. मग तिच्या तोंडून जे निघालं तो शब्द नव्हता, नुसता श्वास होता. दार धाडकन उघडलं, मी दाराबरोबर भिंतीवर आदळले आणि अर्धी मागे फिरले.

तिने शाल खेचून काढली. टकूबाईचा चेहरा घामाने थबथबला होता, ओठांभोवती निळसर झाला होता. डोळे अर्धे मिटलेले. मावशीने तिला उचललं तर तिची मान लुळी पडली.

"ताई! ताई!"

असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. ताई धावत आल्या. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. टकूबाईला कपडे बदलायच्या टेबलावर ठेवलं, हनुवटी जराशी वर केली, गाल तिच्या नाकाशी नेला. "त्या पाहुण्यांना सांग, रुग्णवाहिका बोलवा म्हणावं. पळ!" मग त्या तिच्या तळपायांवर जोरजोरात बोटं घासू लागल्या. "टकूबाई, ए टकूबाई, ऐकतेस का? चल, ओरड बघू. ओरड गं माझे आई."

खोलीत बाकीची दोन बाळं दचकून उठून रडत होती. खिडकीचा पडदा फुगत होता, पडत होता. मावशीने माघारी येऊन दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते. जमिनीवर राहिलेल्या फोनमधून आईचा आवाज येत होता, "मावशी? काय झालं? कुणी बोला ना. मावशी!"

मग टकूबाईने एक खोल आचका घेतला. जसं पाण्यातून कुणी वर यावं तसा. आणखी एक. आणि मग ती रडली. आधी अगदी बारीक, चिरकं, आणि मग तिचं ते नेहमीचं, सगळ्यांना नकोसं वाटणारं भोकाड. ताईंनी तिला उचलून छातीशी धरलं.

रुग्णवाहिका येऊन टकूबाईला आणि सोबत त्या पाहुण्या बाईंना घेऊन गेली आणि पाठोपाठ आई पाळणाघरात धडकली. ती दुकानातून तशीच पळत सुटली होती, अंगात दुकानाचा कोट, मुठीत कुणाचीतरी अर्धवट जुळवलेली चष्म्याची फ्रेम. ती जमिनीवरच्या शालीकडे बघत राहिली.

"शाल माझी होती, ताई," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं ठेवायला."

"दार माझं होतं," ताई म्हणाल्या. "खुर्ची मी बाहेर काढू दिली. काच मी झाकू दिली. आता तू इथे उभी राहू नकोस. रिक्षा बाहेर आहे. मी येते तुझ्याबरोबर."

डॉक्टरांनी टकूबाईला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. तिला काही इजा झाली नव्हती. वेळेवर हात पोचला, असं ते म्हणाले. आणखी जरा उशीर झाला असता तर, हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी पाळणाघर बंद होतं. गोष्टीवाली मावशी मात्र आली. तिने एका भांड्यात गरम पाणी आणलं, फडकं भिजवून माझ्यावर धरलं आणि चमच्याच्या कडेने ती फुलपाखरं खरवडायला लागली. हुंदके देत होती आणि खरवडत होती. पहिला कागद सुटला तेव्हा मला तिचा एक डोळा दिसला, रडून लाल झालेला. ताई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"मला काढून टाका, ताई," मावशी म्हणाली.

"तुला काढलं तर तुझ्या जागी जी येईल, तिला ही भीती ठाऊक नसेल," ताई म्हणाल्या. "तुला आता जन्मभर ठाऊक आहे. दे इकडे चमचा, वरचा कोपरा तुझ्या हाताला येत नाहीये."

ताईंनी काहीही लपवलं नाही. सगळ्या पालकांना बोलावून, त्याच खेळायच्या खोलीत लहानग्या खुर्च्यांवर बसवून, त्यांनी काय झालं आणि का झालं ते सांगितलं. काही जण संतापले. एक वडील तर आपल्या मुलाचे बूट उचलून निघून गेले. बरीच मुलं त्या महिन्यात कमी झाली. खोली इतकी रिकामी वाटायची, की आता हे घर बंद होणार असं मला वाटू लागलं होतं. मग मला इथून काढून पुन्हा कुठल्या तरी भिंतीकडे तोंड करून ठेवतील, या विचाराने माझं धाबं दणाणलं होतं.

पण घर बंद झालं नाही. खुर्ची आत आली. खुर्चीवाल्या मावशी गावाहून परतल्या, सगळं ऐकून पांढऱ्याफटक पडल्या आणि कुणाला काही न विचारता त्या खुर्चीत जाऊन बसल्या. कॅमेरा आहे अजून, पण त्याच्या भरवशावर कुणी बसत नाही. कठड्यावर आता कुणी रुमालही टाकत नाही.

टकूबाई कितीतरी आठवड्यांनी परत आली. तिची आई दारात थबकली. तिने पिशवीतून फडकं काढलं. तिने मला पुसलं, परत पुसलं, आणि आत न बघताच कपाळ माझ्यावर टेकवून उभी राहिली. आतून खुर्चीवाल्या मावशी उठल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "ये. आत येऊन निजव तिला. आणि पाहिजे तितका वेळ बस." ती त्या दिवशी दुकानात उशिरा गेली.

आता मी जुनी झाले आहे. माझ्या कडांना त्या खळीचा धुरकट डाग राहिला आहे आणि चमच्याचे दोन ओरखडेही. टकूबाई आता शाळेत जाते. तिच्या डोक्यावर इतके दाट केस आहेत, की तुमचा विश्वास बसायचा नाही. तिला त्या दुपारचं काही आठवत नाही, आणि आठवू नये. मला आठवतं. रोज दुपारी खिडकीचा पडदा फुगला आणि पडायला जरा उशीर झाला, की मी एकेका खाटेकडे बघून घेते.

मित्रांनो, एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. लोक मला म्हणतात, बरं झालं काच आहे. पण गाढ निजलेलं बाळ आणि श्वास अडकलेलं बाळ, दोन्ही काचेतून बरीचशी सारखीच दिसतात. दोन्ही गप्प असतात. मी फक्त दाखवते. दार उघडून आत जायचं, वाकायचं, पोट हलतंय का बघायचं, हे माणसालाच करावं लागतं.

तुमच्या घरी धाकटं भावंड असेल, नाहीतर शेजारी एखादं तान्हं असेल. त्याला उताणं निजवू द्या. त्याच्या अंथरुणात तुमची लाडकी बाहुली प्रेमानेसुद्धा ठेवू नका, उशी नको, पांघरूण नको. त्याचं तोंड मोकळं असू द्या. आणि बाळ निजल्यावर घर फारच गप्प वाटलं, तर "बरं झालं, झोपलं" म्हणून खेळायला पळू नका. आईला हाक मारा, आजीला, बाबांना, जे कुणी घरात असेल त्यांना. "जरा येऊन बघ ना" म्हणा. ते म्हणतील, "अरे, आत्ताच तर बघितलं." वैतागतील, कामात असतील, हातातलं सोडवत नसेल. तुम्ही घाबरू नका, लाजू नका. त्यांचा हात धरा, बाळापाशी घेऊन जा आणि म्हणा, "परत बघ."